मुलीला स्वतःच्या जटांची निगा राखायला कसे शिकवावे?

प्रश्न

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचे केस जन्मापासून दाट आणि घट्ट कुरळे असून दोन वर्षांपूर्वी तिच्याच हट्टावरून आम्ही त्यांचे ड्रेडलॉक्स, म्हणजे जटा, केले. तेव्हापासून धुणे, वाळवणे, मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांना पीळ देणे ही सगळी कामे मीच करीत आले. गेल्या महिन्यात तिने न्हाणीघराचे दार लावून घेतले आणि एकटीनेच डोके धुतले. दोन दिवसांनी मानेजवळच्या जटांना कुबट वास येऊ लागला, तेव्हा मी चिडून बोलले आणि सगळे काम पुन्हा माझ्या हाती घेतले. तिचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिला शिकवायचे तर आहे. परंतु कोणते काम आधी सोपवावे आणि कोणते माझ्याकडे ठेवावे, हे कळत नाही. कृपया अनुभवी पालकांनी सांगावे.

उत्तर १

धुण्यापासून नव्हे, वाळवण्यापासून सुरुवात करा, असे मी आग्रहाने सांगेन. जट वरून कोरडी वाटली तरी तिच्या गाभ्यात पाणी बराच वेळ टिकून राहते, आणि ती तशीच बांधली किंवा ओल्या डोक्याने मूल झोपले की आत बुरशी धरू लागते. आपल्याकडे आलेला कुबट वास बहुधा त्याचाच असावा. त्यात मुलीचा दोष नाही, कारण ओल कशी ओळखायची हे तिला कोणी शिकवलेलेच नव्हते.

मी माझ्या मुलाला एक सोपी खूण शिकवली. जट बोटांत धरून तिचा जाड मधला भाग गालाला लावायचा. गार लागला तर आत अजून ओल आहे असे समजायचे. डोळ्यांना जे दिसत नाही ते गालाला कळते, आणि मुलांना ही परीक्षा मनापासून आवडते. त्याआधी एकेक जट मुळापासून टोकाकडे मुठीत दाबत पाणी काढायचे आणि मग जुना सुती टीशर्ट डोक्याला गुंडाळायचा. टर्किश टॉवेलचे धागे जटांत अडकतात आणि नंतर निघता निघत नाहीत. डोके सकाळीच धुवावे, म्हणजे वाळायला पूर्ण दिवस मिळतो. ही एवढी एक गोष्ट महिनाभर तिच्यावर सोपवा आणि तपासायचे झाले, तर आधी तिच्या परवानगीने एक जट स्वतःच्या गालाला लावून पाहा.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे. धुण्याविषयी एवढेच सांगते की, शाम्पू जटांना नव्हे, डोक्याच्या त्वचेला लावायचा असतो. तो थोड्या पाण्यात पातळ करून दोन जटांमधल्या, त्वचा दिसणाऱ्या रेघांवर ओतावा आणि नखांनी न खरवडता बोटांच्या पेरांनी चोळावा. खाली ओघळणारा फेस जटांना पुरेसा होतो. फेस संपल्यानंतरही बराच वेळ पाणी घालत राहावे लागते, आणि मुले घाई करतात ती नेमकी इथेच. मेण किंवा दाट क्रीम मात्र तिच्या हाती देऊ नये, कारण ते जटेत साचते आणि धुऊनही निघत नाही.

धुऊन झाल्यावर शेजारच्या जटा मुळाशी एकमेकींपासून सोडवण्याचे काम नऊ वर्षांच्या मुलीला उत्तम जमते. आरशात न पाहता, बोटांनी चाचपत, दोन जटांमध्ये गुंतलेले केस हळूच वेगळे करायचे. हे राहून गेले तर दोन जटांची एक होते. मानेजवळचा भाग तिला दिसत नाही आणि उशीवर तोच सर्वांत जास्त घासला जातो, म्हणून तेवढा काही दिवस आपण पाहावा. झोपताना साटीनची टोपी घालण्याची सवय लागली की जटांत तंतूही कमी अडकतात.

जटेतून सुटे केस बाहेर आलेले पाहून मुले कधीकधी घाबरतात. डोक्यावरून दररोज साधारण 50 ते 100 केस गळतात. इतरांचे फणीत येतात, जटांमध्ये ते आतच राहतात आणि त्यांनीच जट भरत जाते, हे तिला आधीच समजावून ठेवावे.

उत्तर ३

मी लहानपणापासून जटा राखल्या आहेत, म्हणून मुलीच्या बाजूने लिहितो. मुळाशी पीळ देण्याचे काम एवढ्यात तिच्याकडे देऊ नका. लहान हातांना ताण किती द्यावा याचा अंदाज नसतो, आणि नीटनेटके दिसावे म्हणून मुले तेच मूळ पुन्हापुन्हा पिळत राहतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे चार ते सहा आठवड्यांच्या आत पीळ देण्याचे कारणच नसते. सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात आणि ओढ वर्षानुवर्षे चालू राहिली तर ते परत येत नाहीत. माझ्या उजव्या कानाजवळ तशी जागा कायमची राहिली आहे. माझ्या घरी पीळ देताना "थोडे सहन कर" असे म्हणत, आणि दुखणे म्हणजेच नीट झाले असा माझा समज झाला होता. आपण पीळ द्याल तेव्हा "दुखले" असे तिने म्हणताच हात थांबवावा. आपले डोके कधी दुखते हे ओळखता येणे हादेखील निगेचाच भाग आहे.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी मी आधी तिची क्षमा मागितली आणि मग गालाची परीक्षा दाखवली. संध्याकाळी ती स्वतःहून माझ्याजवळ आली, मानेजवळची एक जट माझ्या गालाला लावली आणि म्हणाली, "ही अजून गार आहे, मी एवढ्यात बांधणार नाही." पीळ देण्याचे काम सध्या माझ्याकडेच राहील, मुळाशी जटा सोडवणे पुढच्या आठवड्यापासून तिच्याकडे देत आहे.