ऑरेंज चिकनला ‘खोटे चिनी’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

पासाडेनाकर:
कॅलिफोर्नियात येऊन बारा वर्षे झाली, तरी पांडा एक्स्प्रेस या चिनी वळणाच्या अमेरिकी भोजनालय-साखळीत मी गेल्या महिन्यात प्रथमच जेवलो. आमच्या मराठी मित्रमंडळात या साखळीचा विषय निघाला की ‘ते काही खरे चिनी जेवण नव्हे’ हे वाक्य ठरलेले असते, आणि मीही ते चव न घेताच म्हणत आलो होतो. काचेपलीकडच्या मुलीने ताटलीत आधी चाऊमीन पसरले आणि शेजारी ऑरेंज चिकन, म्हणजे संत्र्याच्या चवीच्या गोड-आंबट पाकात घोळवलेली तळलेली कोंबडी, वाढले; तुकडे पाकाने चकाकत होते, पण नुकताच नवा घाणा आल्यामुळे आवरण दाताखाली कुरकुरत होते. मला ते मनापासून आवडले.

हा पदार्थ कुणा परक्याने चिनी लोकांच्या नावावर खपवलेला नाही. चीनमधील यांगझोऊ येथे जन्मलेल्या अँड्र्यू चेंग यांनी आचारी असलेल्या वडिलांसह १९७३ मध्ये पासाडेनात ‘पांडा इन’ काढले, १९८३ मध्ये ग्लेंडेलच्या मॉलमध्ये पांडा एक्स्प्रेस सुरू झाले आणि १९८७ मध्ये त्यांचेच शेफ अँडी काओ यांनी ऑरेंज चिकन घडवले. मुंबईत नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास चिकन मंचुरियन जन्माला घातले, ते आपण मिटक्या मारत खातो. गाडीवरच्या चायनीज भेळेवर वाढलेल्या माणसांनी इथे येऊन अस्सलपणाचे दाखले मागावेत, हे मला पटत नाही.

लोखंडी_कढई:
आपला इतिहास मान्य आहे, परंतु गाडीची उपमा आपल्याच विरोधात जाते. गाडीवरचा माणूस मोठ्या आचेवर एकेक प्लेट परततो, ती कागदी बशीत पडते आणि आपण उभ्याउभ्या जीभ भाजून घेतो. कँटनी स्वयंपाकात ज्याला ‘वॉक हेई’ म्हणतात तो धुरकट खमंगपणा काही मिनिटांचाच सोबती असतो. गरम ठेवलेल्या परातीत पदार्थ बसला की तो निघून जातो आणि मागे उरतो तो गोड पाक. शिवाय आपण पासाडेनात राहता. दक्षिणेला अल्हाम्ब्रा आणि माँटेरे पार्क आहेत, जिथे सिचुआनपासून कँटनपर्यंतची छोटी, घरच्या माणसांनी चालवलेली भोजनालये दाटीने उभी आहेत. ती सोडून मॉलच्या रांगेत उभे राहण्याचे कारण मला समजत नाही.

पासाडेनाकर:
परातीबद्दल आपले म्हणणे दुपारी तीन वाजता खरे आहे, साडेबाराला नाही. गर्दीच्या वेळी परात बघता बघता रिकामी होते आणि मागून नवी येते. अल्हाम्ब्राला मी जातोच. पण विमानतळावर किंवा महामार्गालगतच्या लहान गावात अल्हाम्ब्रा नसते, तिथे परवडेल असा गरम भात आणि परतलेली भाजी पटकन मिळते ती अशाच साखळीमुळे.

निव्वळ_शाकाहारी:
आपण दोघेही कोंबडीवरच बोलत आहात. २०२१ मध्ये पांडाने वनस्पतीजन्य ‘बियाँड’ ऑरेंज चिकन काही ठिकाणी आणले तेव्हा मला आशा वाटली होती, पण माझा खरा प्रश्न कढईचा आणि डावाचा आहे. एका साखळीत (नाव घेत नाही) मी टोफू मागितला, तेव्हा वाढणाऱ्या मुलाने नुकताच मांसाच्या रश्श्यात बुडवलेला डाव तसाच माझ्या टोफूत घातला. हरकत घेताच त्याने नम्रपणे ताटली बदलली, मात्र डाव तोच ठेवला. परवडते आणि पटकन मिळते, या गुणांचा मला काय उपयोग?

उडोनप्रेमी:
मूळ धाग्याशी माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. साखळी असणे हा दोष नाही. दोष गोडीच्या सवयीचा आहे. मे २०१८ पासून वीस किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना फलकावर उष्मांक लिहावे लागतात. ऑरेंज चिकनच्या एका वाढपाचे जवळजवळ ५०० उष्मांक आहेत, आणि त्यात चाऊमीन धरलेले नाही. चिपोटले या मेक्सिकन वळणाच्या साखळीने २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या ड्यूपाँ सर्कलपाशी ‘शॉपहाउस’ काढून थायी आणि व्हिएतनामी वळणाचे, तिखट-आंबट जेवण याच पद्धतीने देऊन पाहिले. पंधरा शाखांपर्यंत पोहोचून २०१७ मध्ये ते बंद पडले. गोडाला गिऱ्हाईक आहे, आंबटतिखटाला तितके नाही, असे मला त्यातून वाटते.

जपानी साखळी मारुगामे उडोन (उडोन म्हणजे गव्हाचे जाड नूडल्स) मात्र जरूर करून पाहावी. २०११ मध्ये हवाईतल्या वाइकिकीत त्यांची अमेरिकेतली पहिली शाखा उघडली. कणीक तिथेच लाटून कापली जाते, उकळत्या पाण्यातून काढलेले जाड, गुळगुळीत नूडल्स आपल्या वाडग्यात येतात आणि पुढे सरकताना रताळ्याचे टेंपुरा (पिठात बुडवून तळलेले काप) चिमट्याने आपणच उचलायचे. निव्वळ_शाकाहारी ताईंना मात्र आधीच सांगतो, नेहमीच्या रश्श्यात सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो.

निव्वळ_शाकाहारी:
म्हणजे मी पुन्हा रताळ्यावरच!

पासाडेनाकर:
उष्मांकांचा मुद्दा मान्य. पुढच्या वेळी चाऊमीनऐवजी परतलेली भाजी घेईन. गोडीचा मात्र तितकासा नाही, कारण ज्या घरात आमटीत गूळ पडतो तिथे ऑरेंज चिकनला नाके मुरडणे मला जमणार नाही. लोखंडी_कढई, शनिवारी दुपारी साडेबाराला माझ्याबरोबर ग्लेंडेलला या. परातीजवळ उभे राहून नवा घाणा आला की मगच घेऊ, आणि संध्याकाळी आपण म्हणाल त्या अल्हाम्ब्रातल्या भोजनालयात माझ्या खर्चाने जेवू.