बडोदा: बाबांना ट्रेडमिलवर धाप लागेपर्यंत चालवायचं का? उद्या सकाळपर्यंत सांगा

वाडी_रंगमहाल:
बाबांना स्ट्रोक झाला, उजवी बाजू गेली होती. आता काठी धरून चालतात. नवीन फिजिओ म्हणतात, बसल्या जागी हातपाय हलवणं पुरे झालं, आता ट्रेडमिल. अर्धा मिनिट जमेल तितकं जोरात, मग थांबायचं, पुन्हा जोरात. आई हादरली आहे, परत काही झालं तर काय म्हणते. भाऊ लांबून फोनवर सांगतो, कराच. उद्या साडेनऊला जायचंय. कुणी केलंय का? हो की नाही एवढंच सांगा, सल्ले ऐकून डोकं पिकलंय.

कारेलीबागकर:
स्ट्रोक कधी झाला? गुठळीचा की रक्तस्रावाचा? वय, बीपी, शुगर? यातलं काहीच लिहिलेलं नाही, हो-नाही कशावर सांगायचं?

दांडिया_बाजार_जुना:
ताई, ट्रेडमिल वगैरे राहू द्या. महानारायण तेलाने रोज अर्धा तास मालिश आणि दुखरा हात वर ओढून ताणायचा. माझे काका असेच उभे राहिले. आमची पिढी जुम्मादादा व्यायाम मंदिरात घडली, तिथल्या व्यायामगुरू माणिकरावांचं नाव ऐकत मोठी झाली. शरीर कसं कमवायचं हे बडोद्याला कुणी शिकवायला नको.

वाडी_रंगमहाल:
वय ६३, गुठळीचा, बीपी गोळीने ताब्यात आहे. मालिशचं मी विचारलंच नव्हतं काका.

फिजिओ_अलकापुरी:
आधी काकांना: तेल लावा, पण लुळा हात ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले असतात, ओढल्याने सांधा निसटतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. असे पेशंट माझ्याकडे दर महिन्याला येतात.
ताई, "कधी" याचं उत्तर अजून आलं नाही आणि सगळं त्यावरच आहे.

सासरे_बरे_झाले:
कधीचं एवढं काय? माझ्या सासऱ्यांना दुसऱ्याच दिवशी पलंगावरून उठवून चालवलं, आज स्कूटर चालवतात. जितकं लवकर तितकं बरं.

फिजिओ_अलकापुरी:
सासरे बरे झाले याचा आनंद आहे, पण तो नियम करू नका. २०१५ साली २,१०४ रुग्णांचा अभ्यास आला. पहिल्या २४ तासांत उठवून वारंवार हालचाल करवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती इतरांपेक्षा कमी चांगली होती. २०१९ मध्ये जर्मनीत २०० जणांना स्ट्रोकनंतरच्या पहिल्या आठवड्यांत ट्रेडमिलचा व्यायाम दिला. ज्यांच्याकडून नुसतं अंग सैल सोडायचा सराव करून घेतला त्यांच्यापेक्षा चालण्याचा वेग वाढला नाही, उलट तब्येतीचे गंभीर प्रसंग जास्त घडले.

सासरे_बरे_झाले:
म्हणजे झोपवूनच ठेवायचं का? झोपून स्नायू गळतात, तेही लिहा की.

फिजिओ_अलकापुरी:
झोपवून ठेवा असं मी म्हटलेलं नाही. वेळ आणि मात्रा, एवढंच म्हणतोय. अमेरिकेतल्या २०२३ च्या अभ्यासात ५५ जण होते, सगळ्यांच्या स्ट्रोकला किमान सहा महिने उलटलेले. आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं, १२ आठवडे. तुमच्या फिजिओंसारखंच, अर्धा मिनिट जोरात आणि मग विश्रांती. सहा मिनिटांत चालायचं अंतर सरासरी ७१ मीटरने वाढलं, मध्यम गतीने चालणाऱ्यांचं २७. पण त्यांची ईसीजी लावून स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करताना हृदय ताण कसा सोसतं याची तपासणी) आधी झाली होती आणि ट्रेडमिलवर पडू नयेत म्हणून वरून पट्टा बांधलेला होता.

वाडी_रंगमहाल:
नवरात्रात, अष्टमीच्या रात्री. आम्ही गरब्याला गेलो होतो, बाबा एकटे घरी होते. साडेअकराला आलो तेव्हा ते खुर्चीत तसेच बसलेले. किती वेळ बसले होते कळलंच नाही. ते अजून मनातून जात नाही. आता मे चालू आहे, म्हणजे सात महिने झाले. स्ट्रेस टेस्ट कुणीच सांगितली नाही.

कारेलीबागकर:
ताई, तुमचा दोष नाही. गोळ्या कोणत्या?

वाडी_रंगमहाल:
ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची एक, आणि मेटोप्रोलॉल.

फिजिओ_अलकापुरी:
मेटोप्रोलॉल हे उद्या सगळ्यात आधी सांगा. ती गोळी नाडी दाबून ठेवते. २२० वजा वय करून काढलेला नाडीचा कमाल आकडा बाबांना लागूच पडत नाही, तिथवर पोचायला ते जिवापाड धडपडतील. जोर कितपत झाला हे त्यांच्या बोलण्यावरून ओळखा: पूर्ण वाक्य आलं तर मध्यम, दोन-तीन शब्दांत श्वास घ्यावा लागला तर जोरात.
माझं मत: सात महिन्यांनंतर हा व्यायाम करण्यासारखा आहे, पण उद्या नाही. आधी हृदयाच्या डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं अडखळलं तर तिथल्या तिथे थांबायचं.

कमाटी_बाग_सकाळी६:
ट्रेडमिलला पैसे कशाला? कमाटी बागेत या, आमचा ग्रुप आहे. आठनंतर मात्र मे महिन्यात उन्हामुळे कुणी थांबत नाही.

कारेलीबागकर:
बागेत फरशी उंचसखल आहे आणि त्यांचा उजवा पाय घासत असणार. पडले तर?

वाडी_रंगमहाल:
घासतो, हो. बूट पुढून झिजलेत.
उद्याचं सेशन मी रद्द केलं, गुरुवारी डॉक्टरांना भेटतोय. आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली टेस्ट नीट आली तर मीच घेऊन जाईन. वरून बांधायचा पट्टा असलेली ट्रेडमिल बडोद्यात कुठे आहे? आमच्या सेंटरवर नुसती दांडी आहे.

फिजिओ_अलकापुरी:
सयाजी हॉस्पिटलला सरकारी फिजिओथेरपी कॉलेज आहे, तिथे विचारा. आणि पायाच्या स्प्लिंटबद्दलही (पाऊल घासू नये म्हणून लावायचा आधार) विचारा, बुटाचं वाचून ते जास्त घाईचं वाटतंय.