सकाळी ध्यानाला बसलं की डुलकी लागते

प्रश्न: उठल्या उठल्या पलंगावरच वीस मिनिटं बसतो, पण लगेच पेंग येते. काय बदलू?

उत्तर १: आधी पलंग सोडा. जाग आल्यावर साधारण अर्धा तास गुंगी राहते. त्यात डोळे मिटून पाठ टेकली की झोप येणारच. तोंड धुवा, पाणी प्या, दहा मिनिटं बाहेरच्या उजेडात चाला. मग खुर्चीत पाठ न टेकता, तळवे जमिनीवर ठेवून बसा. नजर चार फुटांवर, डोळे अर्धे उघडे.

उत्तर २: वीस मिनिटं सुरुवातीला फार होतात, पाचच करा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत. मोजणी चुकली की पुन्हा एकपासून. चुकणारच, त्यात बिघडलं काही नाही.

उत्तर ३: रात्रीची झोप सात तासांहून कमी असेल तर आधी ती वाढवा. झोप कापून केलेलं ध्यान मला पटत नाही.