समुपदेशकाने पालकांना काय सांगायचं आणि काय नाही

रानजाई (धागाकर्ती)
परवा एका सदस्यांनी लिहिलं होतं, "फी आम्ही भरतो, मग कॉलेजच्या समुपदेशकाशी मूल काय बोललं ते आम्हाला कळायलाच हवं. लपवाछपवी करणारे समुपदेशक घरं फोडतात." त्याखाली 'सहमत'ची रांग पाहून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

काम कसं चालतं ते आधी पाहा. पहिल्या भेटीत, मूल तोंड उघडायच्या आत, समुपदेशक मर्यादा सांगतो. इथलं बोलणं इथेच राहील. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मला कळवावंच लागेल. हे सगळं मराठीत लिहून, वाचून दाखवून सही घेतात. कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं अल्पवयीन, त्यामुळे तिथे पालकांची संमती लागते. तरीही पालकांना सांगतात ते गोषवारा म्हणून, शब्दन् शब्द नाही.

घरच्यांना बोलवायचं ठरलं तरी ते मुलाशी आधी बोलून: काय सांगायचं, सुरुवात कोणी करायची, कोणता विषय काढायचा नाही. अनेकदा खरं ओझं असतं ते घरापासून लपवलेल्या निकालाचं. एटीकेटी लागलीय, वर्ष गेलंय, आणि घरी 'पास' सांगितलंय. दोन-तीन भेटींत तयारी करून घेतली तर मूल स्वतःच सांगतं. परस्पर फोन गेला तर ते मूल पुन्हा येत नाही. त्याच्या हॉस्टेलमधलंही कुणी येत नाही, कारण ही बातमी एका रात्रीत सगळ्या मजल्यांवर पोचते.

आडगावकर
ताई, त्या सदस्यांच्या पोस्टची भाषा वाईटच होती. पण तुम्ही घराला पाहुण्यासारखं दाराबाहेर उभं करताय. नैराश्यावरच्या (डिप्रेशनच्या) गोळ्यांचा गुण दिसायला २ ते ४ आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या दिवसांत अस्वस्थता आणि जीव देण्याचे विचार वाढू शकतात, त्या काळात कुणीतरी रोज बघायला हवं. कोण बघणार? दोनशे मुलांचा रेक्टर? जरा बरं वाटलं की मुलं गोळ्या एकदम थांबवतात, मग चक्कर, चिडचिड, झोप उडणं, आणि 'औषधानेच बिघडलं' म्हणून उपचारच बंद. आपल्याकडे ओपीडीत रुग्णाबरोबर येतं ते घर. पुढची तारीख आईच लक्षात ठेवते.

पोटकलम
गोपनीयतेसाठी सगळे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम २३ पुढे करतात. ते कलम मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबद्दल आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांबद्दल आहे. परीक्षेच्या ताणाने आलेली मुलगी आजारी नाही, आणि नुसतं मानसशास्त्रात एम.ए. केलेला समुपदेशक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे 'कायद्याने बांधलेत' हे सरसकट चालणार नाही.

रानजाई
पोटकलम, माझ्या पोस्टमध्ये कलम २३ कुठे आहे ते दाखवा. न वाचता ठोकू नका. कायदा तोकडा पडतो म्हणूनच लेखी संमतीपत्र लागतं. आणि त्याच कलमातला अपवादही बघा: जिवाला धोका असेल तर माहिती देता येते, पण धोका टाळायला लागेल तेवढीच. हे मोजमाप एम.ए. वाल्यालाही पाळता येतं.

खिडकी
थोडं अवांतर. गोपनीयतेवर भांडताय, पण ती पहिल्या आठवड्यातच गेलेली असते. प्रवेशावेळी वर्गशिक्षक गूगल फॉर्म पाठवतात, रोल नंबर सक्तीचा. त्यात पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. मुलांनी 'झोप नाही, स्वतःबद्दल वाईट वाटतं' हे भरायचं आणि तो तक्ता सगळ्या विभागाला उघडा. न्याकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीत समुपदेशनाचा पुरावा म्हणून स्तंभालेख लागला की काम झालं.

सायली_ठाणे
फॉर्मवर एवढा राग कशाला? न बोलणारी मुलं तेवढ्यानेच दिसतात. समुपदेशकाच्या दारापर्यंत आपणहून येणारी थोडीच असतात. चाळणी बंद करा म्हणणं सोपं आहे.

खिडकी
बंद करा असं मी म्हटलेलंच नाही! आधी त्या नवव्या प्रश्नाचं बघा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी. आता एका मुलाची बेरीज ८ आहे, पण नवव्या प्रश्नावर ३. बेरजेने लावलेल्या यादीत तो खाली जातो आणि कुणाला दिसतच नाही. फॉर्म शनिवारी भरला, तक्ता सोमवारी उघडला, तर मधले दोन दिवस कुणाचे?

करायचंच असेल तर असं करा. एका दिवशी एकच तुकडी. समुपदेशक हजर असेल त्याच वेळेत, सोमवार ते गुरुवार, सकाळी. उत्तरं फक्त त्याच्या खात्यावर. नवव्या प्रश्नावर शून्याच्या वर काहीही आलं तर त्याच दिवशी समोरासमोर बोलणं, फोनवर नाही. आणि तिथे आडवळण नको, सरळ विचारायचं: जीव द्यावासा वाटतो का? कसं, कधी, काही ठरवलंय का? आधी कधी प्रयत्न झालाय का? विचारल्याने डोक्यात भरतं ही भीती खोटी आहे. एका दिवसात जितक्या मुलांशी बोलता येईल तितक्यांनाच फॉर्म द्या. सहाशे जणांना एकदम पाठवला तर ती चाळणी राहत नाही, मदतीला आलेल्यांना न भेटण्याची व्यवस्था होते.

सायली_ठाणे
आणि एवढं करायला माणूस कुठून आणणार? तासिका तत्त्वावरचा समुपदेशक आठवड्यातून दोनदा येतो. नाहीतर मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेकडे 'अतिरिक्त कार्यभार'. अंतर्गत गुण देणाऱ्या बाईंना कोण सांगेल की मला वर्गात बसवत नाही? तुमच्या पद्धतीने गेलं तर निम्मी कॉलेजं काहीच करणार नाहीत.

पोटकलम
काहीच न करण्याची सोय आता नाही. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलंय. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षणही. प्राचार्यांना अर्ज द्या, पोच घ्या.

सायली_ठाणे
एका दिवशी एक तुकडी हे जमेल. रोल नंबरशिवाय मूल शोधणार कसं, ते मात्र खिडकी अजून सांगत नाहीत.

खिडकी
रोल नंबर घ्या, पण वर्गशिक्षकाच्या खात्यावर नको. इतकंच म्हणतोय सकाळपासून.

आडगावकर
मूळ मुद्दा राहिलाच. जीव देण्याचे विचार आले तर काय करायचं हे मुलासोबत आधीच लिहून ठेवतात, त्या सुरक्षा आराखड्याच्या सहा पायऱ्या असतात: धोक्याची चिन्हं, स्वतः करायच्या गोष्टी, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागायची माणसं, तज्ज्ञ, आणि शेवटी इजा होऊ शकेल अशा वस्तू हाताशी न ठेवणं. ही सहावी पायरी घराशिवाय होते का? गावी शेतीची औषधं घरातच असतात. कपाटाची किल्ली कुणाकडे हे बापाला न सांगता कसं ठरवणार?

रानजाई
होत नाही. एवढं मान्य. तिथे मी बापाला फोन करीन, मुलाला शेजारी बसवून. आणि त्यात फक्त किल्लीबद्दल बोलेन, प्रेमप्रकरणाबद्दल नाही.

आडगावकर
आणि मूल नको म्हणालं तर?

रानजाई
धोका तातडीचा असेल तर तरीही करीन, पण त्याला आधी सांगून. पाठीमागून नाही. तोवर त्याला एकटं सोडायचं नाही, जवळच्या रुग्णालयात सोबत जायचं.

आडगावकर
ठीक. 'घरं फोडतात' हे वाक्य मागे घ्यायला त्या सदस्यांना सांगतो. 'घराला काही कळायची गरज नाही' हे मात्र मला कधीच पटणार नाही.

सायली_ठाणे
ते कुणी म्हटलेलंच नाहीये. आता सुट्टीचं बोला. तासिका तत्त्वाचा करार एप्रिलमध्ये संपतो आणि निकाल लागतात नेमके त्यानंतर. त्या आठवड्यांत मूल घरी असतं आणि समुपदेशक नसतो.

पोटकलम
१४४१६, टेली-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. चोवीस तास, मराठीतही बोलतात. हा नंबर निकालाच्या नोटिशीवरच मोठ्या अक्षरांत छापा. सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच निकालात वसतिगृहात आणि वर्गात तो लावायला सांगितलंय.

आडगावकर
आणि पालकांना जाणाऱ्या निकालाच्या मेसेजमध्येही. तिथे नंबराखाली एक ओळ घाला: आज गुणांवर बोलू नका, जेवायला सोबत बसा.