दारफूरमधल्या मुलांपर्यंत मदत पोचते कशी?

नाशिककर: सुदानच्या दारफूर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या कॅम्पमध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये दुष्काळ जाहीर झाला तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. अशा ठिकाणी डॉक्टर पोरांना देतात तरी काय, दूध की सलाईन?

सिस्टरताई: दादा, सलाईन सरसकट नाही लावत, इतक्या अशक्त बाळाच्या हृदयावर ताण येतो. आधी दंडाला पट्टी लावतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिमीच्या खाली गेला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण (आपल्याकडे अंगणवाडीतही अशीच पट्टी असते). बाळाला भूक असेल, दुसरा आजार नसेल तर शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं घरी देतात, एक ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरी, त्यात पाणी घालायचंच नाही म्हणून घाण पाण्याची भीती नाही, कोपरा फाडला की पोर थेट चोखतं. खातच नसेल तर मात्र ॲडमिट.

नाशिककर: मग अडतं कुठे?

पुणेरी_पांथस्थ: रस्त्यावर हो! झमझमजवळच्या अल फाशर शहराला २०२५ पर्यंत वेढा होता, ट्रक पोचत नव्हते, फेब्रुवारी २०२५ मध्ये एमएसएफ या डॉक्टरांच्या मदतसंस्थेला झमझममधलं काम थांबवावं लागलं. मदत करायची तर पैसे जरूर द्या, पण देणगी देताना एकाच कॅम्पसाठी असं नका लिहू, जिथे गरज तिथे वापरू दे त्यांना.