पगारही चांगला, प्रवासही, लोकांची सेवाही: बीएस्सी नर्सिंगनंतर जर्मनी?

खानापूरकर: बहीण बेळगावात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जर्मनीसाठी आधी काय करावं?

निपाणीचा वाचक: आधी जर्मन भाषा. तिच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत; परिचारिकेच्या परवान्यासाठी साधारणपणे बी२ पातळी लागते. ए१ पासून रोज अभ्यास केला तरी वर्षभर धरा. गोएथे या जर्मन भाषासंस्थेची परीक्षा पुण्यात किंवा बंगळूरला देता येते. बी१ वर बरेच जण थकतात आणि तिथंच गाडी अडते. पदवीनंतर कर्नाटक नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करून घ्या. जर्मनीत गेल्यावर पदवीची मान्यता पूर्ण होईपर्यंत मदतनीस म्हणून काम, म्हणजे पगारही कमी. आपल्या आणि तिथल्या शिक्षणात फरक निघाला तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा.

सीमाभागातली ताई: नावं तपासा हो! आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरं आणि पासपोर्टवर पूर्ण आडनाव, असं सर्रास असतं. भाषांतराआधीच दुरुस्त करा, नाहीतर प्रत्येक कागदासोबत प्रतिज्ञापत्र जोडत बसाल.

निपाणीचा वाचक: अगदी खरं. आणि परदेशी नोकरी लावणारा एजंट ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंदणीकृत आहे का बघा. सेवाशुल्काची कमाल मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी. लाखांत मागणाऱ्याला नमस्कार.

खानापूरकर: आजच गुणपत्रिका काढतो.