गॅलरीत बुलबुलाचे घरटे आणि दहा दिवसांवर आलेले रंगकाम : मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या गॅलरीतील मधुमालतीच्या वेलावर शिपाई बुलबुलाच्या जोडीने घरटे केले असून त्यात सध्या तीन अंडी आहेत. याच भिंतीला बाहेरून रंग देण्याचे काम दहा दिवसांनी सुरू होणार आहे. घरटे दुसरीकडे हलवावे, काम पुढे ढकलण्याची विनंती करावी, की याहून वेगळा काही मार्ग आहे, हे मला ठरवता येत नाही. म्हणून सगळी परिस्थिती सविस्तर लिहीत आहे.

घरटे ग्रिलच्या वरच्या कोपऱ्यात, वेलाच्या दोन फांद्या एकमेकींवर आल्या आहेत तिथे, साधारण सहा फूट उंचीवर आहे. आकार लहान वाटीएवढा. बाहेरून वाळक्या सालीचे पट्टे आणि कुठून तरी आणलेला कागदाचा एक कपटा विणलेला आहे. आत केसासारख्या बारीक मुळांचे अस्तर आहे. अंडी फिकट जांभळट रंगाची असून रुंद टोकाकडे लालसर तपकिरी ठिपक्यांची दाटी आहे. पहिले अंडे मंगळवारी दिसले आणि तिसरे काल, गुरुवारी. मी दिवसातून एकदाच, पक्षी उडून गेलेला असताना, काठीला बांधलेल्या आरशातून पाहते.

एक चूक माझ्या हातून आधीच झालेली आहे. गेल्या रविवारी मी वेलाची छाटणी करायला घेतली, तेव्हा घरटे बांधून जवळजवळ पूर्ण झाले होते आणि ते मला दिसले नाही. दिसले तेव्हा त्याच्यावर छत्रीसारखी आलेली फांदी मी कापून खाली टाकलेली होती. हात तिथेच थांबवला, पण कापलेली फांदी परत जोडता येत नाही. पक्षी घरटे सोडून गेले नाहीत याचे समाधान आहे. मात्र आता दुपारी एक ते तीनपर्यंत ऊन थेट घरट्यात उतरते. त्या वेळी अंड्यांवरचा पक्षी थोडा उठून पंख अर्धे पसरतो आणि चोच उघडी टाकून धापा टाकत राहतो. खिडकीच्या आतून मला त्याच्या गळ्याची हालचालसुद्धा दिसते. हे पाहून फार वाईट वाटते, कारण हा त्रास माझ्यामुळे होतो आहे.

रंगकामासाठी परांची बांधली जाईल आणि ती आमच्या ग्रिलला जवळजवळ चिकटून असेल. इमारतीच्या समितीतील एकांशी मी बोलले. त्यांनी सांगितले की घरटे अलगद उचलून खालच्या झाडावर ठेवावे, पक्षी आपोआप शोधत येतात. त्यांचा हेतू चांगला होता, तरी मला खात्री वाटत नाही. मी वाचले त्यानुसार शेवटच्या अंड्यानंतर साधारण १२ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. म्हणजे काम सुरू होण्याचा दिवस आणि पिल्ले अंड्यातून निघण्याचा दिवस जवळजवळ एकच येतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरट्यापासून हातभर अंतरावर माणसे उभी असतील.

माझे प्रश्न असे आहेत. घरटे हलवणे सुरक्षित आहे का? उन्हासाठी मी वर कापड बांधले तर पक्षी बिचकून घरटे सोडतील का? आणि रंगकाम किती दिवस थांबवण्याची विनंती करावी, म्हणजे मला समितीपुढे निश्चित आकडा ठेवता येईल?

याच अनुषंगाने आणखी एक विचारते. मागच्या खोलीच्या खिडकीबाहेरच्या सज्ज्यावर कबुतरांनी चार काटक्या टाकून घरटे केले आहे आणि त्यात पिवळट लव असलेली दोन पिल्ले आहेत. ती खोली आईची आहे आणि तिला दमा आहे. पिल्लांना इजा होऊ नये असे वाटते, पण आईच्या तब्येतीशी तडजोड करता येणार नाही. येथे काय करावे?

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : घरटे हलवू नये. पक्षी घरट्याची जागा लक्षात ठेवतो आणि त्या जागेवरच परत येतो. घरटे थोड्या अंतरावर सरकवले तरी अनेकदा जोडी जुन्या ठिकाणीच घिरट्या घालत राहते. माणसाचा हात लागला की त्या वासाने आईबाप पिल्ले टाकून देतात, हा समज मात्र चुकीचा आहे. ते घरटे सोडतात ते वारंवार होणाऱ्या त्रासामुळे किंवा जागा बदलल्यामुळे. यालाही एक अपवाद आहे. वाऱ्याने घरटे खाली पडले, तर तळाला भोके असलेल्या छोट्या टोपलीत ते ठेवून मूळ जागेच्या जितके जवळ जमेल तितके घट्ट बांधावे आणि लांबून तास-दोन तास लक्ष ठेवावे. तिथे गमावण्यासारखे काही उरलेले नसते, म्हणून तो प्रयत्न करायचा. तुमचे घरटे भक्कम असल्यामुळे तो प्रसंग तुमच्यावर आलेला नाही.

उन्हाचा बंदोबस्त मात्र लवकर करा. अंडी थोडा वेळ गार पडली तर बहुधा निभावून जाते, पण उघड्या अंड्यांवर कडक ऊन पडले तर आतला गर्भ फार लवकर मरतो. पक्षी धापा टाकत उभा आहे, तो स्वतःच्या अंगाची सावली अंड्यांना देतो आहे. फिकट रंगाचा कापडाचा तुकडा घरट्याच्या किमान हातभर वर, ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला ताणून बांधा. तो फडफडता कामा नये, आणि पक्षी ज्या बाजूने आत शिरतो ती बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. हे काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, पक्षी उठून गेला की काही मिनिटांत उरका. गाठी आधीच मारून ठेवल्या तर वेळ वाचेल. नंतर घरात जाऊन पाहत राहा. अर्ध्या तासात पक्षी येऊन बसला नाही, तर कापड काढून घ्या आणि दुसऱ्या दिवशी ते आणखी लांब बांधून पाहा.

आता आकडा. अंडी उबवण्याचे सुमारे १२ दिवस आणि पिल्ले घरट्यात राहण्याचे सुमारे १२ दिवस, त्यावर तीन-चार दिवस हाताशी ठेवावेत. म्हणजे कालपासून चार आठवडे धरा. समितीला संपूर्ण काम थांबवायला सांगू नका. तुमच्या गॅलरीचा पट्टा सर्वांत शेवटी घ्यावा एवढेच मागा. परांची एका बाजूने पुढे सरकत जाते, त्यामुळे ही मागणी मान्य होण्याचा संभव जास्त असतो. हे सर्व लेखी द्या आणि पिल्ले उडण्याची अंदाजी तारीख त्यात घाला. जंगली पक्ष्यांची वापरात असलेली घरटी नष्ट करणे अनेक देशांत कायद्याने गुन्हा आहे, याचाही एका वाक्यात उल्लेख असू द्या.

आरशातून पाहण्याबाबत एक सूचना. पिल्ले आठ-नऊ दिवसांची झाली की पाहणे पूर्ण बंद करा, कारण त्या वयात ती घाबरली तर उडता येत नसतानाही घरट्याबाहेर उड्या घेतात. कावळा किंवा भारद्वाज जवळपास बसलेला असेल तेव्हाही घरट्याकडे जाऊ नका. तुमच्यामुळे पक्षी दचकून उडाला की घरटे कुठे आहे ते त्यांना कळते.

पिल्लू खाली सापडले तर आधी त्याची पिसे पाहा. अंगावर पिसे नसतील तर ते घरट्यात परत ठेवा. पिसे आलेली आहेत, शेपूट आखूड आहे आणि ते उड्या मारते आहे, तर ते उडायला शिकते आहे. आईबाप त्याला जमिनीवरही भरवतात. अशा पिल्लाच्या चोचीत पाणी कधीही सोडू नका. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते आणि पाणी सरळ फुफ्फुसात जाते. दूधही देऊ नका, पक्ष्यांना ते पचत नाही.

कबुतरांविषयी माझे मत वेगळे आहे आणि ते मी मोकळेपणाने लिहितो. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे आत गेली तर फुफ्फुसांना सूज येण्याचा आजार होऊ शकतो, आणि दमा असलेल्या व्यक्तीने तिथे राहणे योग्य नाही. आजच आईंची खोली बदला, ती खिडकी बंद ठेवून फटी बुजवा आणि त्यांच्या डॉक्टरांना याची कल्पना द्या. पिवळी लव आहे म्हणजे पिल्ले लहान आहेत. ती उडायला अजून साधारण तीन-चार आठवडे लागतील. कबुतरे वर्षभर घरटी करतात आणि पहिली पिल्ले पुरती मोठी होण्यापूर्वीच पुन्हा दोन अंडी घालतात, म्हणून जाळी आधीच आणून ठेवा आणि सज्जा रिकामा दिसला त्याच दिवशी बसवा. जाळी ताणलेली हवी. सैल जाळीत पक्षी अडकून तडफडतात. साफ करताना विष्ठा पाण्याने पूर्ण भिजवा, मास्क लावा, आणि कोरडा झाडू अजिबात फिरवू नका.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे आणि घरटे हलवण्याबद्दल स्वतःचा अनुभव सांगते. माझ्या दारावरच्या कुंडीत बुलबुलाची दोन पिल्ले होती. दार उघडताना धक्का लागतो म्हणून मी ती कुंडी उचलून चार हातांवरच्या कठड्यावर ठेवली. त्यानंतर तासभर ते दोन्ही पक्षी चोचीत अळी धरून दारावरच्या रिकाम्या आकड्यापाशी येत राहिले. आकड्यावर बसायचे, मान वळवून खाली बघायचे, उडायचे आणि पुन्हा तिथेच यायचे. पिल्ले चार हातांवर ओरडत होती, तरीही. मी कुंडी परत मूळ जागी टांगली, तेव्हा कुठे त्यांनी भरवले. तो तास मी विसरलेले नाही. कृपया घरट्याला हात लावू नका.

मूळ प्रश्न विचारणारीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला जवळजवळ महिना लागला, कारण नक्की काय घडले ते पाहूनच लिहायचे ठरवले होते.

कापड दुसऱ्याच दिवशी सकाळी बांधले. पक्षी अकरा मिनिटांत परत आला, आधी ग्रिलवर बसून त्याने वर पाहिले आणि मग आत उतरला. त्या दुपारी प्रथमच तो चोच मिटून शांत बसलेला दिसला. समितीने पत्र स्वीकारले आणि आमचा पट्टा शेवटी घेण्याचे मान्य केले. त्यासाठी मला दोन वेळा कंत्राटदाराला भेटावे लागले, पण तारीख लेखी असल्यामुळे वाद झाला नाही. तीनपैकी दोन अंडी फुटली, एक तसेच राहिले. आठव्या दिवसानंतर मी आरसा उचलून ठेवला.

गेल्या सोमवारी सकाळी एक पिल्लू गॅलरीच्या फरशीवर दिसले. गालावर लाल ठिपका नाही, शेपूट बोटाच्या पेराएवढी, डोक्यावर तुऱ्याची नुसती सुरुवात. पूर्वी मी त्याला नक्की उचलले असते. या वेळी दार लावून घेतले आणि पडद्याआडून पाहत राहिले. वीस मिनिटांनी एक पक्षी हिरवी अळी घेऊन कुंड्यांमध्ये उतरला आणि पिल्लाने सगळे अंग थरथरवत चोच उघडली. संध्याकाळपर्यंत ते वेलाच्या टोकाला पोहोचले होते आणि दुसरेही घरट्याबाहेर आले होते.

आई तेव्हापासून पुढच्या खोलीत झोपते आणि तिचा खोकला कमी झाला आहे. कबुतराची पिल्ले परवा उडाली; सज्जा भिजवून धुतला आणि काल जाळी बसवून घेतली.

आता एकच शंका आहे. पुढच्या आठवड्यात आमच्या भिंतीचे काम सुरू होईल. बुलबुलाची जोडी अजून वेलाभोवती फिरताना दिसते, पण घरटे रिकामे आहे आणि त्यात न फुटलेले अंडे तेवढे उरले आहे. ते काढले तर चालेल का?

प्रतिसाद १

पिल्ले बाहेर पडून आठवडा होत आला आहे, म्हणजे ते अंडे आता फुटणार नाही. आरशातून एकदा पाहून त्यात नवे अंडे आलेले नाही याची खात्री करा आणि मग घरटे काढा. बुलबुल पुढच्या वेळी बहुतेक नवेच घरटे बांधतात. रंगकाम होईपर्यंत वेलाची तेवढी बाजू बांधून घ्या, म्हणजे परांची उभी असताना ते तिथे पुन्हा सुरुवात करणार नाहीत. आणि छाटलेल्या जागी फुटलेले नवे कोंब मात्र कापू नका.